मारी तोरोचिक : सासूला खोटी पत्रं लिहिणारी सून

रानजाई

माझा मोठा भाऊ आईच्या आधी गेला. आईला तेव्हा विसरायला व्हायला लागलं होतं. आम्ही तिला सांगितलं, ती रडली, न जेवता झोपली, आणि सकाळी चहा घेताना मला म्हणाली, “दादा उठला का गं?” पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच रडणं, कारण तिच्यासाठी तो आत्ताच, पहिल्यांदाच गेला होता. तिसऱ्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, “दादा मस्कतला गेलाय, कंपनीच्या कामाला.” तिचा चेहरा उजळला. मग पुढची अडीच वर्षं दादा मस्कतला होता. मी फोन हातात धरून त्याचे निरोप तिला वाचून दाखवायचे. तिथला उन्हाळा, खोलीवरचा स्वयंपाकी, मिळालेली बढती, नाकारलेली सुट्टी, सगळं मीच रचायचे.

आई गेल्यावर काही महिन्यांनी एका रात्री झोप येईना म्हणून एक जुना हंगेरियन सिनेमा लावला. कारोय मक्क या दिग्दर्शकाचा १९७१ चा ‘सेरेलेम’, म्हणजे ‘प्रेम’. कृष्णधवल. बुडापेस्टमध्ये अंथरुणाला खिळलेली एक म्हातारी, आणि हातात फुलं घेऊन तिला भेटायला येणारी सून लुत्सा. म्हातारीचा मुलगा यानोश राजकीय कैदी म्हणून तुरुंगात आहे. म्हातारीला मात्र सुनेनं सांगून ठेवलंय, तो अमेरिकेत सिनेमा काढतोय. त्याच्या नावाची पत्रं लुत्सा स्वतः लिहिते. सासू त्या पत्रांबद्दल तिच्याशी कौतुकानं बोलते, आणि लुत्सा स्वतःच रचलेली बातमी पहिल्यांदाच कानावर पडत असल्यासारखी ऐकते.

तिथे मी सिनेमा थांबवला. तो चेहरा मी आरशात पाहिलेला होता. डोळे हसताहेत, मान हलतेय, आणि हनुवटीखाली काहीतरी घट्ट आवळून धरलंय. समोरच्याला ते दिसता कामा नये, एवढाच त्या चेहऱ्याचा प्रयत्न आहे.

ती लुत्सा म्हणजे हंगेरियन नटी मारी तोरोचिक. तेव्हापासून मिळेल तिथून तिचे सिनेमे बघतेय. मराठीत तिच्याबद्दल मला काहीच सापडलं नाही, म्हणून हा धागा.

जन्म २३ नोव्हेंबर १९३५, हेवेश परगण्यातल्या पेय नावाच्या खेड्यात. घर शिक्षकी पेशातलं. बुडापेस्टच्या नाट्य आणि चित्रपट महाविद्यालयात शिकत असतानाच झोल्तान फाब्री या दिग्दर्शकानं तिला ‘कोरहिंता’ या सिनेमात मुख्य भूमिका दिली. कोरहिंता म्हणजे जत्रेतला साखळ्यांना खुर्च्या लटकवलेला गोल फिरणारा पाळणा. सिनेमा १९५६ चा, मूळ कथा इम्रे शारकादी या लेखकाची. गोष्ट तशी आपल्याला नवी नाही. बापाला मुलगी अशा घरी द्यायचीय जिथे जमिनीला जमीन लागेल. मुलीचा जीव दुसऱ्यावर. बाप म्हणतो, जमिनीचं लग्न जमिनीशी.

पण त्यातला पाळण्याचा प्रसंग बघाच. पोरगा शेजारच्या खुर्चीतून हात लांबवून तिची खुर्ची स्वतःकडे ओढतो, दोघं एकत्र गरगरायला लागतात, आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर. वीस वर्षांची पोर. भीती, हसू, लाज आणि वारा, सगळं एकाच वेळी. पुढे लग्नघरातल्या नाचात तो तिला पुन्हा गरगर फिरवतो. बाप, ठरलेला नवरा आणि सगळं गाव बघत असतं. कॅमेराही त्यांच्याबरोबर असा फिरतो की आपल्याला तो पाळणाच आठवतो. पाळण्यातलं फिरणं मोकळं होतं, नाचातलं फिरणं चोरटं आहे. चेहरा तोच, पण आता तिला काहीतरी लपवायचंय.

तो सिनेमा त्याच वर्षी फ्रान्समधल्या कान या गावच्या चित्रपट महोत्सवात गेला. फ्रान्स्वा त्रुफो तेव्हा तरुण समीक्षक होता, त्यानं तिच्याबद्दल भारावून लिहिलं. वसंतात कान, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बुडापेस्टमध्ये उठाव, नोव्हेंबरात सोव्हिएत रणगाडे. तिच्याबरोबर पाळण्यात बसलेला नट इम्रे शोश पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, अवघ्या २७ व्या वर्षी गेला. इतक्या लहान वयात एवढं सगळं अंगावर आलेली ही मुलगी पुढे साठ वर्षं काम करत राहिली.

१९७६ मध्ये कानला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक. हंगेरीतला मोठा मानला जाणारा कोशुत पुरस्कार दोनदा, १९७३ आणि १९९९ मध्ये. १६ एप्रिल २०२१ ला ८५ व्या वर्षी निधन.

माझं म्हणणं एवढंच आहे. मारी तोरोचिकची ताकद बोलण्यात नाही, ऐकण्यात आहे. समोरचा बोलत असतो आणि ती ऐकता ऐकता काय काय दाबून धरते, ते आपल्याला दिसत राहतं. कुणी तिचं काही पाहिलं असेल तर लिहा. मला तिच्या नाटकातल्या कामाबद्दल विशेष जाणून घ्यायचंय.

सोनकी

रानजाई, मस्कतचं वाचून थांबले. माझ्या आजेसासूंना आम्ही असंच सांगायचो. सविस्तर नंतर लिहीन.

वाटसरू

लेख आवडला. ‘कोरहिंता’ मी फार वर्षांपूर्वी पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला होता. पाळणा आणि नाच, दोन्ही प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहेत. पण एक शंका तेव्हाही आली होती आणि आजही आहे. हा सरकारी सिनेमा नाही का? चांगला मुलगा सहकारी शेतीत काम करणारा, बाप सहकारी शेती सोडून स्वतःची जमीन कसायला निघालेला, म्हणून तो चूक. कम्युनिस्ट राजवटीला हवा तोच संदेश. नटीचं काम सुंदर असेलही, पण ते कशासाठी वापरलं गेलं हेही बघायला हवं.

रानजाई

वाटसरू, शंका रास्त आहे आणि ती झटकून टाकणार नाही. सिनेमातला काळ १९५३ चा. त्या वर्षी इम्रे नॉज पंतप्रधान झाले आणि शेतकऱ्यांना सहकारी शेती सोडायची मुभा मिळाली. त्याआधी बऱ्याच जणांना जबरदस्तीनं आत ढकललेलं होतं. म्हणजे बापाला बाहेर का पडायचंय हे तिथल्या प्रेक्षकाला चांगलं ठाऊक होतं. सिनेमा त्याला चूक ठरवतो, हे खरंच.

पण मला असं वाटतं की फाब्रीनं बाजू मुलीची घेतली. बाप जमिनीबद्दल बोलतो, पोरगा सहकारी शेतीबद्दल बोलतो, दोघंही भाषणं देतात. ती भाषण देत नाही. ती ज्या तऱ्हेनं दोघांकडे बघते, त्यातून कळतं की तिला दोन्हींपैकी काही नकोय, तिला तो पाळणा हवाय. राजवट गेली, सहकारी शेती गेली. सिनेमा अजून बघितला जातो तो त्या मुलीसाठी.

वाटसरू

“दोघंही भाषणं देतात, ती देत नाही” हे पटलं. पुन्हा बघतो.

दुनाकाठ

मी नोकरीनिमित्त नऊ वर्षं बुडापेस्टमध्ये आहे. दुना म्हणजे डॅन्यूब, माझ्या खिडकीतून नाही पण ट्राममधून रोज दिसते. इथे मराठीत या बाईंचं नाव वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मनापासून आभार.

आधी उच्चाराबद्दल. हंगेरियनमध्ये आडनाव आधी येतं, म्हणून इथे सगळे ‘तोरोचिक मारी’ म्हणतात. आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं. आणि तो ‘ओ’ आपला ओ नाही. ओठ ‘ओ’साठी गोल करायचे आणि आतून ‘ए’ म्हणायचं. देवनागरीत तो लिहिता येत नाही, तेव्हा तोरोचिक चालेल. जोर नेहमी पहिल्या अक्षरावर.

त्या गेल्या तेव्हा मी इथेच होतो. महामारीमुळे नाट्यगृहं बंद होती. माझ्या इमारतीतल्या एक आजी जिन्यात भेटल्या, डोळे पुसत होत्या. मला वाटलं घरात कुणाचं काही झालं. त्या म्हणाल्या, “आमची मारी गेली.” आडनावसुद्धा घेतलं नाही. माझं हंगेरियन तेव्हा बेताचं होतं, पण तेवढं समजलं.

पेय हे गाव सपाट मैदानी भागात आहे. त्या शेवटची बरीच वर्षं मात्र पार दुसऱ्या टोकाला, पश्चिमेला ऑस्ट्रियाच्या सीमेजवळच्या वेलेम या डोंगराळ गावात राहिल्या. नवरा द्युला मार, दिग्दर्शक. ते २०१३ मध्ये गेले. कानचं पारितोषिक बाईंना मिळालं ते त्यांच्याच सिनेमासाठी, ‘देरीने, होल व्हान?’, म्हणजे ‘देरीने, कुठे आहेस?’

तिसरी घंटा

दुनाकाठ, ही देरीने कोण? नटी होती एवढंच ऐकलंय.

दुनाकाठ

नटी तर होतीच, पण नुसती नटी म्हणून चालणार नाही. हंगेरियन भाषेत नाटक करणं हेच जेव्हा धाडस होतं तेव्हाची ती नटी आणि गायिका. जन्म १७९३, यासबेरेन्य गावात. मूळ आडनाव जर्मन, शेनबाख. रंगभूमीवर आली आणि त्याच अर्थाचं हंगेरियन आडनाव घेतलं, सेपपताकी, म्हणजे सुंदर ओढा. पेश्तमध्ये, म्हणजे आजच्या बुडापेस्टच्या एका भागात, तेव्हा बोलबाला जर्मन रंगभूमीचा. हंगेरियन नाटकवाल्यांना स्वतःचं पक्कं घर नव्हतं, मंडळी गाड्यांतून गावोगाव फिरायची. आज बोलकं नाटक, उद्या ऑपेरा. ही दोन्हींत असायची. रोसिनीच्या ऑपेरातल्या नायिका हंगेरियन भाषेत गायली. पेश्तला हंगेरियन रंगभूमीचं कायमचं घर झालं ते १८३७ मध्ये, तोवर हिची उमेद सरत आली होती. म्हातारपणी तिनं आठवणी लिहिल्या, त्या आजही वाचल्या जातात. १८७२ मध्ये मिश्कोल्त्सला गेली.

आता नावातली मेख. हंगेरियनमध्ये ‘ने’ हा प्रत्यय नवऱ्याच्या नावाला लागला की ‘अमक्याची बायको’ असा अर्थ होतो. देरीने म्हणजे देरीची बायको. देरी नावाच्या गृहस्थाशी तिचं लग्न झालं, संसार काही टिकला नाही, ती नाटकमंडळीबरोबर निघून गेली. पण इतिहासात नाव राहिलं ते ‘देरीची बायको’ असं. अर्धं आयुष्य जिनं रंगमंचावर काढलं, ती त्या सोडलेल्या नवऱ्याच्या नावानं ओळखली जाते. उतारवयात ती त्याच्याकडे परतलीही.

सिनेमा त्या उतरत्या काळाबद्दल आहे. रंगमंच मागे पडलाय, घरात नवरा आहे, आणि हिला कळत नाही की नटी नसताना आपण कोण. ‘कुठे आहेस’ या प्रश्नाचा मला लागलेला अर्थ हा.

तिसरी घंटा

हे फार आतपर्यंत गेलं. मी गेली अठरा वर्षं प्रायोगिक नाटकांच्या प्रकाशयोजनेचं काम करते. आपल्याकडेही बैलगाडीतून फिरलेल्या नाटकमंडळ्यांच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो, पण आपल्याकडे त्या काळात बाईचं काम पुरुष करायचा. तिकडे १८१० च्या सुमाराला एक मुलगी गाडीत बसून गावोगाव मुख्य भूमिका करत फिरत होती, हे कळल्यावर कितीतरी वेळ तेच डोक्यात आहे.

आणि मारी तोरोचिकनं देरीनेची भूमिका करणं म्हणजे नटीनं नटीचं म्हातारपण करणं. तेव्हा तिचं वय जेमतेम चाळीस असेल. ज्याची सगळ्या नट्यांना मनातून भीती असते ते तिनं आधीच करून टाकलं.

पाटीपेन्सिल

त्या १९७६ च्या कानबद्दल एक गोष्ट सांगतो, मराठी वाचकांना ती माहीत असायला हवी. त्याच वर्षी स्पर्धेत श्याम बेनेगलांचा ‘निशांत’ होता, आणि त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष नाटककार टेनेसी विल्यम्स. मुख्य पारितोषिक ‘टॅक्सी ड्रायव्हर’ला गेलं. अभिनेत्रीचं पारितोषिक मारी तोरोचिक आणि फ्रान्सची दोमिनिक सांदा यांना विभागून मिळालं. म्हणजे ज्या पडद्यावर देरीने दिसली त्याच पडद्यावर त्याच दिवसांत शबाना आझमी, स्मिता पाटील दिसत होत्या.

१९५६ मध्येही तसंच. ‘कोरहिंता’ गेला त्याच महोत्सवात ‘पथेर पांचाली’ होता आणि मानवी दस्तऐवज म्हणून त्याचा गौरव झाला. एकीकडे बंगालचं खेडं, एकीकडे हंगेरीचं खेडं. दोन्हीकडे धावणाऱ्या पोरी.

रानजाई

पाटीपेन्सिल, ‘निशांत’चं मला ठाऊकच नव्हतं! आता त्यातली शबाना आणि देरीने एकामागून एक बघणार.

सोनकी

मी ‘एदेश आन्ना’बद्दल लिहिते, कारण माझ्या मते तेच तिचं सगळ्यात मोठं काम.

देझ्यो कोस्तोलान्यी यांची १९२६ ची कादंबरी, फाब्रीनंच १९५८ मध्ये तिच्यावर सिनेमा केला. काळ १९१९, कम्युनिस्ट सत्ता नुकतीच कोसळलेली, जुनी मध्यमवर्गीय मंडळी पुन्हा ताठ मानेनं वावरू लागलेली. विझी या सरकारी अधिकाऱ्याच्या बायकोला आदर्श मोलकरीण हवीय, आणि तिला मिळते आन्ना. चोरत नाही, उलट बोलत नाही, बाहेर जात नाही, खातसुद्धा थोडं. बाई शेजारणींसमोर तिचं कौतुक करते, ते एखाद्या वस्तूचं करावं तसं. मग घरात राहायला आलेला भाचा तिचा उपभोग घेऊन निघून जातो. आणि एका रात्री, पाहुणे जेवून गेल्यावर, आन्ना स्वयंपाकघरातला सुरा घेऊन मालक-मालकिणीला मारते. का, ते तिला स्वतःलाही सांगता येत नाही.

कादंबरीत एक प्रसंग आहे. मालकीण पाहुण्यांसमोर आन्नाला केक देऊ करते. आन्ना म्हणते, मला आवडत नाही. मग त्यावर पाहुण्यांची चर्चा रंगते, की नोकरमाणसांना गोड आवडतं की नाही, त्यांचं मन वेगळं असतं का. ती तिथेच उभी. माझी आई तीस वर्षं लोकांकडे पोळ्यांची कामं करायची. मला असल्या चर्चा ठाऊक आहेत. लहानपणी मी आईबरोबर जायचे तेव्हा माझ्यासमोर, मी ऐकत असताना व्हायच्या. एका घरी मला लाडू दिला होता, मी नको म्हटलं होतं. आवडायचा, तरी नको म्हटलं. का, ते मला त्या वयात सांगता आलं नसतं.

मारी तोरोचिकनं ती मोलकरीण अशी केलीय की पूर्णवेळ ती वाकूनच असते. डोळे जमिनीकडे. सिनेमाभर तुम्ही वाट बघता की ही एकदा तरी वर बघेल. रानजाई म्हणाल्या ना, ऐकता ऐकता दाबून धरते म्हणून. आन्नाला दाबून धरता आलं नाही. खुनाचं समर्थन मी करत नाही. पण कुणाच्या गप्प बसण्याला समाधान समजू नये, हे मी त्या चेहऱ्याकडून शिकले. मालकीण झालीय मारिया मेझेई, तीही जबरदस्त आहे. आन्नावर तिचा जीव जडलेला आहे, आणि तिचा तो जीव आन्नाच्या गळ्याभोवती फास होतो.

रानजाई

सोनकी, काय बोलू. लाडवाचं वाचून उठले आणि पाणी प्यायले. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

सोनकी

सांगते. ती आता माझ्याकडेच असते, पोळ्या मी करते.

वाटसरू

मग तिनं केलेल्या एलेक्ट्राबद्दल, म्हणजे ग्रीक कथेतल्या राजकन्येबद्दल, कुणीतरी लिहायलाच हवं, कारण ती याच्या बरोबर उलट टोकाला आहे. मिक्लोश यांचोचा १९७४ चा ‘सेरेल्मेम, एलेक्ट्रा’. सत्तर मिनिटांचा अख्खा सिनेमा मध्ये न तोडता घेतलेल्या फक्त बारा दीर्घ दृश्यांत चित्रित केलाय. उघडं माळरान, घोडे, चाबूक, शेकडो नाचणारी माणसं, आणि त्यांच्यातून न थांबता सरकणारा कॅमेरा. बापाचा खून झालाय, खुनी राज्य करतोय, आणि प्रजेला सांगितलंय की आपण सुखी आहोत. एलेक्ट्रा एकटी म्हणते, मी विसरणार नाही.

दृश्य दहा मिनिटं चालू असताना चुकायला जागा नसते. नटीनं शब्द, चाल, घोड्यांपासूनचं अंतर, सगळं पायांत बसवलेलं हवं. हे पडद्यावर केलेलं नाटकच. इथे ती ऐकत नाही, बोलते, आणि सगळी प्रजा ऐकत नाही. रानजाई, तुमच्या मांडणीला हा अपवाद आहे, पण मला वाटतं तो ती बळकटच करतो. आन्ना बोलली असती तर एलेक्ट्रा झाली असती.

पाटीपेन्सिल

+१. शेवटचं वाक्य वहीत उतरवून घेतलं.

तिसरी घंटा

नाटकाबद्दल रानजाईंनी विचारलं होतं. मी जे वाचलंय ते सांगते.

शिक्षण संपल्यावर १९५८ मध्ये त्या बुडापेस्टच्या राष्ट्रीय रंगभूमीत रुजू झाल्या आणि वीसेक वर्षं तिथेच राहिल्या. तिकडची पद्धत वेगळी. नाट्यगृहाची स्वतःची कायमची मंडळी, पगारी नट, आणि एकाच महिन्यात आलटून पालटून वेगवेगळी नाटकं. सोमवारी राणी, मंगळवारी दासी. आपल्याकडे एका नाटकाचे तीनशे प्रयोग करत गावोगाव फिरायचं, दोन्हींत नट वेगळ्या तऱ्हेनं घासला जातो. पुढे ग्योरला गेल्या, सोलनोकला काम केलं.

मला सर्वात ओढ वाटते ती १९९४ च्या ‘काकाचं स्वप्न’ या प्रयोगाची. दोस्तोयेव्स्कीची कथा, रशियाहून आलेला दिग्दर्शक अनातोली वासिलियेव. बाई तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर. चाळीस वर्षांचं नाव, कानचं पारितोषिक घरात, आणि त्या वासिलियेवसमोर पुन्हा विद्यार्थिनी होऊन बसल्या. माझ्या क्षेत्रात मी बघते, पन्नाशीनंतर माणूस तालमीत नवं काही ऐकून घेत नाही. त्या ऐकू शकल्या. तुमचा ‘ऐकणारी नटी’ हा मुद्दा मला इथे सर्वात खरा वाटतो.

वाईट एवढंच की तो प्रयोग मी कधीच बघू शकणार नाही. सिनेमा उरतो. नाटक त्या रात्री हजर असलेल्यांच्या डोळ्यांत राहतं आणि त्यांच्याबरोबर जातं.

दुनाकाठ

तिसरी घंटा, बुडापेस्टला आलात तर बुडाच्या बाजूला बायोर गिझी या नटीच्या बंगल्यात नटांचं संग्रहालय आहे, तिथे नक्की जा. गिझीबाई राष्ट्रीय रंगभूमीच्या मोठ्या नटी, १९५१ मध्ये गेल्या, पुढच्याच वर्षी त्यांच्या राहत्या घराचं संग्रहालय झालं. नाटक उरत नाही म्हणता, पण तिथे गेल्यावर बरं वाटतं.

इथे ‘राष्ट्राचे नट’ असा एक मान आहे. एका वेळी फक्त बारा जिवंत नटनट्यांना तो असतो, एक गेला की राहिलेले मिळून पुढचा निवडतात. २००० मध्ये सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या बाराजणांत मारीबाई होत्या.

आणि २००८. त्यांचं हृदय बंद पडलं होतं. कोमात गेल्या. इथल्या लोकांनी आशा सोडली होती. त्या शुद्धीवर आल्या आणि पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. पाठांतर असलेलं, तोंडानं बोलायचं काम, सत्तरीच्या पुढे, त्या प्रसंगानंतर. मी इथे आल्यावर राष्ट्रीय रंगभूमीत त्यांना एकदा पाहिलं. भाषा निम्मी कळली नाही. त्या एका खुर्चीत बसून होत्या आणि दुसरा नट बोलत होता. सगळं नाट्यगृह बोलणाऱ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत होतं.

पाटीपेन्सिल

परदेशी सिनेमांतही त्या आहेत. कोस्ता-गाव्रासच्या ‘म्युझिक बॉक्स’मध्ये (१९८९) जेसिका लँग बुडापेस्टला येऊन एका बाईला भेटते, ती मारी तोरोचिक. मोजकी मिनिटं, पण सिनेमाची किल्ली तिच्या हातात आहे. पुढचं सांगत नाही.

आणि एक धागा जुळतो तो सांगायचा राहिला. फाब्रीच्या १९६८ च्या ‘पाल रस्त्यावरची मुलं’ या सिनेमात त्या छोट्या नेमेचेकची आई झाल्यात. मूळ कादंबरी फेरेन्त्स मोल्नार यांची. ‘सेरेलेम’मधली सासू लिली दॉरवॉश ही त्याच मोल्नार यांची पत्नी. १९३८ मध्ये युरोप सोडून अमेरिकेत गेलेली, ती या भूमिकेसाठी बुडापेस्टला परत आली. म्हणजे बघा, सिनेमात ‘मुलगा अमेरिकेत आहे’ हे ऐकून सुखावणारी म्हातारी प्रत्यक्षात स्वतःच अमेरिकेहून आलेली होती. यानोश झालेला इवान दॉरवॉश १९५६ नंतर खरोखर तुरुंगात राहिला होता. मूळ कथा लिहिणारा तिबोर देरी, तोही. त्या खोलीत खोटं फक्त लुत्साची पत्रं होती, बाकी सगळं भोगलेलं.

रानजाई

पाटीपेन्सिल, हे वाचून अंगावर काटा आला. कानला त्या सिनेमाला ज्युरी पारितोषिक मिळालं आणि लिली दॉरवॉश व मारी तोरोचिक, दोघींचा खास उल्लेख झाला. एकीला दुसरीवाचून देताच आला नसता.

मार्ता मेसारोश यांचा २०१७ चा ‘अरोरा बोरिआलिस’ मी परवा पाहिला. त्यात मारीबाई स्वतः म्हातारी आई आहेत. एक पत्र येतं आणि त्या कोमात जातात. मुलगी व्हिएन्नाहून येते आणि आईनं १९५० च्या दशकापासून पोटात ठेवलेलं गुपित शोधत जाते. दुनाकाठ यांनी २००८ चं सांगितल्यावर तो सिनेमा मला वेगळाच दिसायला लागला. सेहेचाळीस वर्षांपूर्वी ती खोटी पत्रं लिहीत होती, इथे खरं पत्र तिच्याच नावावर आलं.

सोनकी

रानजाई, एक विचारू? नको वाटलं तर उत्तर देऊ नका. ‘सेरेलेम’ मी काल रात्री पाहिला. मला सारखं वाटत राहिलं की म्हातारीला सगळं ठाऊक आहे. ती सुनेसाठी विश्वास ठेवतेय. तुम्हाला काय वाटतं? आणि तुमच्या आईंना?

तिसरी घंटा

मलाही तसंच वाटलं होतं. लिली दॉरवॉश एकदोनदा सुनेकडे अशी बघते की जणू परीक्षा घेतेय आणि लगेच सोडून देते.

वाटसरू

मला उलट वाटतं. ती खरंच मानते. म्हणूनच तिच्या जाण्यानंतर यानोश सुटून घरी येतो तो शेवट सोसवत नाही.

रानजाई

सोनकी, सिनेमाबद्दल मी दोनदा दोन मतं घेतली आहेत, अजून ठरत नाही.

आईबद्दल सांगते. जायच्या महिनाभर आधी तिनं कपाट उघडायला लावलं. खालच्या कप्प्यातून दादाचा निळा स्वेटर काढला, तिनंच विणलेला. मांडीवर घेऊन बराच वेळ त्याच्या बाह्या सरळ करत बसली. मग म्हणाली, “मस्कतला थंडी नसते ना?” मी म्हटलं, “नाही आई, नसते.” तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी हसले, मान हलवली. तिनं स्वेटरची घडी घातली आणि माझ्या हातात दिला. “मग हा तुझ्या पोराला घाल,” म्हणाली. त्यानंतर तिनं दादाचं काही विचारलं नाही.

स्वेटर मुलाला मोठा होतो. तरी या थंडीत घालतोय.